औंधची आई, मेणवलीची आई

सांगलीच्या एसटी स्टँडवर पहाटेची गाडी लागायला अजून वेळ आहे. तुमच्या मांडीवर पाश्चात्त्य कलेच्या इतिहासाच्या नोट्स आहेत. झेरॉक्सची झेरॉक्स, तिची पुन्हा झेरॉक्स. अक्षरं कशीबशी वाचता येतात, पण चित्रांचे काळे ठोकळे झालेत. चिमाबूए, दूच्चो, जोत्तो हा क्रम तुम्हाला तोंडपाठ आहे. तिघांनीही सिंहासनावरची मेरी आणि तिच्या मांडीवरचा बाळ येशू रंगवला, आणि ती तिन्ही चित्रं फ्लॉरेन्सच्या उफित्सी संग्रहालयात एकाच दालनात आहेत. एवढं लिहिलंत की मार्क मिळतात. पण जोत्तोच्या मेरीला वजन आहे, तिच्या गुडघ्यावर खरोखर एक मूल बसलंय, हे त्या ठोकळ्यात कुठे दिसणार?

नोट्स पिशवीत ठेवा. आज तुम्ही याच विषयाच्या अभ्यासाला निघाला आहात, आणि त्यासाठी लागणारी गाडी विट्याला जाते.

तासगावच्या द्राक्षबागा मागे पडतात, विटा येतं, पुसेसावळी येते. मग माळावर एक डोंगर एकटाच उभा दिसतो. पायथ्याला औंध गाव, माथ्यावर यमाईचं मूळपीठ. जोतिबानं ‘ये माई’ अशी हाक मारली म्हणून देवीचं नाव यमाई पडलं, अशी इथली आख्यायिका आहे. माथ्यावरच्या गाभाऱ्यात काळ्या पाषाणातली मूर्ती आहे आणि बहुतेक भाविक थेट तिच्याकडेच निघालेले असतात. तुम्ही मात्र चढणीवरच थांबा. मध्ये उतारावर श्री भवानी चित्रसंग्रहालय आहे.

आत शिरल्यावर पहिल्यांदा उजेडाकडे लक्ष द्या. तो वरून, सावकाश झिरपत येतो आणि भिंतीवर पसरतो. चित्र बघायला असाच उजेड लागतो. पहाडी लघुचित्रं आहेत, त्यात किरातार्जुनाची मालिका आहे. रविवर्मा, धुरंधर, बाबूराव पेंटर आहेत. युरोपीय चित्रांच्या प्रतिकृती आहेत. हे सगळं पाहायला दोन दिवससुद्धा पुरणार नाहीत. पण तुम्ही आज ज्याच्यासाठी आलात ते एक शिल्प आहे: माता आणि बालक. शिल्पकार हेन्री मूर. विसाव्या शतकातल्या इंग्लंडचा सगळ्यात मोठा शिल्पकार, आणि त्याचं काम खटाव तालुक्यातल्या एका गावात.

समोर उभं राहा आणि घड्याळात पंधरा मिनिटं मोजा. आधी एका जागेवरून बघा, मग एकेक पाऊल बाजूला सरका. वात्सल्याचा ठरीव भाव चेहऱ्यावर शोधू नका. कॅलेंडरवरच्या यशोदेची सवय झालेल्या डोळ्यांना इथे पहिल्यांदा चुकल्यासारखं होतं. मूरच्या आयांचं आईपण त्यांच्या वस्तुमानात असतं. खांदा किती रुंद, मान किती भक्कम, मूल आईच्या आकाराला कुठे चिकटलंय आणि कुठे सुटायला लागलंय, हे बघायचं असतं. आकृतीपेक्षा दोन आकृत्यांमधली जागा बघा. पाचव्या-सहाव्या मिनिटाला ती दिसू लागते. ती दिसली की तुमच्या पायाखालची फरशी बदलते.

तुम्ही यॉर्कशरमधल्या कॅसलफर्ड या कोळसा खाणींच्या गावात आहात. विसावं शतक नुकतंच सुरू झालंय. आठ भावंडांच्या घरात एक मुलगा आईच्या पाठीला तेल चोळतोय. तिला संधिवात आहे. मुलाचा हात खांद्यावरून पाठीच्या कण्याकडे, तिथून कमरेकडे जातोय. हाड कुठे लागतं, मांस कुठे मऊ आहे, कुठे कठीण, हे बोटांना कळतंय. बाप खाणीत गेलाय. हा मुलगा १८९८ साली जन्मलेला हेन्री. आईची ती पाठ पुढे आयुष्यभर आपल्या हातात राहिली, हे त्यानं स्वतःच सांगून ठेवलंय. औंधला आत्ता तुम्ही जो खांदा बघत होता, त्याचा पहिला अभ्यास या घरात झाला.

पुढे पहिलं महायुद्ध. १९१७ साली कांब्रेच्या लढाईत विषारी वायूनं भाजून निघालेला तरुण घरी परततो, लीड्सच्या कलाशाळेत जातो, आणि १९२१ साली शिष्यवृत्तीवर लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये दाखल होतो. तुम्ही त्याच्या मागे ब्रिटिश म्युझियमच्या पायऱ्या चढता. तो तिथे पुन्हा पुन्हा येतो. वर्गात ग्रीक पुतळ्यांची नक्कल शिकवली जाते, इथे मात्र तो मेक्सिकोच्या, इजिप्तच्या, सुमेरच्या, आफ्रिकेच्या दगडांसमोर तासन्‌तास उभा असतो. या लोकांनी दगडाला मांस बनवण्याचा हट्ट धरला नाही, दगडाला दगडच राहू दिलं, हे त्याच्या मनावर ठसतं. मातीत नमुना करून कारागिराकडून संगमरवरात उतरवून घेण्यापेक्षा स्वतः छिन्नी घेऊन थेट दगडात जायचं, हा मार्ग तो धरतो.

१९२५ साली तो इटलीला जातो. फ्लॉरेन्समधल्या ब्रांकाची चॅपेलमध्ये तुम्ही त्याच्या शेजारी उभे आहात, समोर मासाच्चोची भित्तिचित्रं आहेत. पंधराव्या शतकात भिंतीवर रंगवलेली ही माणसं जमिनीवर घट्ट पाय रोवून उभी आहेत, त्यांच्या सावल्या पडल्यात. मूर इथेही पुन्हा पुन्हा येतो. म्हणजे तुमच्या नोट्समधली जोत्तो ते मासाच्चो ही साखळी त्याच्या डोळ्यांतून, हातांतून पुढे गेली आणि तिची एक कडी औंधला येऊन थांबली. परीक्षेत ‘प्रभाव’ हा शब्द लिहिताना एवढं लक्षात असू द्या.

परत औंधला या, पण १९३८ सालात. इमारत नुकतीच उभी राहिली आहे. संस्थान चिमुकलं, जेमतेम ७२ गावांचं. राजा भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी, लोकांचे बाळासाहेब, सत्तरीला आलेले. रोज सूर्यनमस्कार घालणारे, कीर्तन करणारे, स्वतः चित्र काढणारे. त्यांनी चित्ररामायण रंगवलं. अजिंठ्यावर, वेरूळवर पुस्तकं काढली. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीसाठी एक लाख रुपये देऊ केले. डोंगराच्या चढावर त्यांना तुम्ही बघता: दालनात उजेड कसा पडतो ते निरखणारा एक म्हातारा माणूस. संग्रहालय त्यांनी राजवाड्याच्या आत ठेवलं नाही. यमाईला जाणाऱ्या लोकांच्या वाटेवर बांधलं. देवीला निघालेला शेतकरी जाता-येता चित्र बघेल, अशी ही जागा आहे. मला बाळासाहेबांच्या साऱ्या कामात ही जागेची निवड सगळ्यात मोठी वाटते. लगेच पुढच्या वर्षी, जानेवारी १९३९ मध्ये, याच राजानं गांधीजींच्या सल्ल्यानं तयार झालेली राज्यघटना लागू करून सत्ता प्रजेच्या हाती दिली. चित्रं प्रजेसाठी उघडी करणं आणि राज्य प्रजेला देणं, ही एकाच स्वभावाची दोन कामं होती.

औंधात वेदाभ्यासक पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर राहत होते, तेही मुळात मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेले चित्रकार. त्यांचा मुलगा माधव या सुमाराला फ्लॉरेन्स, लंडन, पॅरिस अशा कलाशाळांतून शिकत होता. पुढे तो महाराष्ट्राचा कला संचालक झाला. सांगलीकरांना जवळची आठवण आणखी एक: बाळासाहेबांनी १९१० साली कुंडलच्या माळावर ज्यांना कारखान्यासाठी जागा दिली ते लक्ष्मणराव किर्लोस्करही तरुणपणी जे. जे.त चित्रकला शिकायला गेले होते, पण काही रंग डोळ्यांना नीट ओळखता येत नाहीत असं निघालं आणि तो रस्ता बंद झाला. तुम्ही ज्या किर्लोस्करवाडी स्टेशनवरून कितीदा गेला असाल, त्याच्यामागे एक अर्धवट राहिलेला चित्रकार आहे.

प्रतिकृतींबद्दल इथेच बोलतो, कारण चित्रकलेची मुलं त्यांच्याकडे ‘नक्कल’ म्हणून पाठ फिरवतात. तसं करू नका. मूर ज्या कॉलेजात शिकला त्याच्या शेजारीच व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट म्युझियम आहे, आणि तिथे मायकेलअँजेलोच्या डेव्हिडची पूर्ण उंचीची प्लास्टरची प्रतिकृती १८५७ पासून आहे. इंग्लंडच्या कितीतरी पिढ्या त्या प्लास्टरवर शिकल्या. फ्लॉरेन्सला जाणं तिथल्या गरीब मुलालाही परवडत नव्हतंच. रंगीत छपाई स्वस्त होण्याआधी रंगाची, मापाची, अंगावर येणाऱ्या आकाराची कल्पना देणारी वस्तू म्हणजे प्रतिकृती. तुमच्या झेरॉक्सपेक्षा ती हजारपटीनं खरी आहे.

आता औंध सोडा. रहिमतपूर, सातारा करत वाईला या. तिथून मेणवली जेमतेम तीन किलोमीटर. ‘स्वदेस’ सिनेमामुळे हा घाट तुम्ही पाहिलेला असतो, प्रत्यक्षात न येताही. कृष्णा इथे अगदी लहान आहे, सांगलीच्या आयर्विन पुलाखालची नदी ती हीच यावर विश्वास बसत नाही. अर्धचंद्राकार दगडी घाट, वर मेणेश्वराचं देऊळ, आणि त्याच्याजवळ दगडी बांधणीच्या एका लहानशा मंडपात टांगलेली घंटा.

घंटेकडे जाण्याआधी वाड्यात चला. औंधच्याच पंतप्रतिनिधी घराण्यातल्या भवानराव त्र्यंबक यांनी आणि साताऱ्याच्या रघुनाथ घनश्याम मंत्र्यांनी १७६८ साली हे गाव नाना फडणविसांना दिलं. सहा चौकांचा वाडा नानांनी उभारला. भिंतींवर देवादिकांची चित्रं आहेत. त्यांत सावली नाही. रंग सपाट, रेषा पक्की, कोण महत्त्वाचा ते आकारावरून कळतं. हे डोळ्यांत साठवा आणि माझ्याबरोबर १७९२ च्या पुण्यात या.

समोर एक स्कॉटिश चित्रकार बसलाय, जेम्स वेल्स. आदल्या वर्षी तो मुंबईत उतरला, आता इंग्रज रेसिडेंट चार्ल्स मॅलेटच्या ओळखीनं पेशव्यांच्या दरबारात आहे. सवाई माधवरावांचं आणि नानांचं चित्र तो तेलरंगात करतोय. तुम्ही कॅनव्हासच्या मागच्या बाजूला उभे राहून नानांकडे बघता: सडपातळ, सावध माणूस. मेणवलीच्या भिंतींवर सपाट रंगातले देव रंगवून घेणारा हा धनी आता कॅनव्हासवर उजेडात अर्धा आणि सावलीत अर्धा होतोय. नाकाच्या एका बाजूला अंधार. आपल्याकडच्या चित्रकारांना त्या अंधाराचं किती नवल वाटलं असेल! वेल्सच्या हाताखाली पुण्याचा गंगाराम तांबट शिकला आणि त्यानं वेरूळच्या लेण्यांची चित्रं केली. त्याची कामं आज अमेरिकेत येल विद्यापीठात आहेत. वेल्सनं केलेलं ते दरबारी चित्र लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीकडे आहे. आपली माणसं त्यांच्या भिंतीवर गेली.

पोर्तुगीजांची एक वस्तू आपल्या घाटावर आहे. आता घंटेसमोर या.

सहाशे किलोंच्या वर वजन. ऊन नसतानाही धातूला आपला एक हिरवट-काळा उजेड आहे. वाटाड्या सांगतो: वसईची विजयाची घंटा. शाळेच्या सहली येतात, मुलं ‘हर हर महादेव’ म्हणतात, फोटो होतात. ते सगळं योग्यच आहे. पण घंटेच्या अंगावर बोट न लावता डोळा फिरवा. धातूतून थोडी वर उचलून आलेली एक बाई आहे, तिच्या कडेवर मूल. मेरी आणि येशू. आणि एक साल: १७०७.

बसा इथे पायरीवर, आणि या आकृतीचं चित्र वहीत काढा. काढताना कळेल की ती किती थोड्यात केली आहे. लांबून, खालून, चर्चच्या मनोऱ्यात टांगलेली असताना ती कुणाला दिसणारच नव्हती. ज्यानं घडवली त्यानं ती देवासाठी घडवली. नाक, डोळे यांच्या मागे तो फारसा लागलेला नाही. आईच्या कडेवर मूल आहे एवढं कळावं, बस. पेन्सिल थांबेल तेव्हा तुम्हाला औंधचा खांदा आठवेल. त्यानंही तपशील टाकून दिले होते. एकानं धातूतल्या लहानशा उठावाच्या मर्यादेमुळे, दुसऱ्यानं दगडावरच्या निष्ठेमुळे. दोघांमध्ये दोनशेहून अधिक वर्षं आहेत आणि युरोपच्या कलेचा निम्मा इतिहास.

पेन्सिल खाली ठेवलीत की मे १७३९ येतो. वसईचा किल्ला. फेब्रुवारीपासून चिमाजी अप्पांचा वेढा पडलाय. सुरुंगांनी बुरूज फुटलेत, दोन्ही बाजूंची माणसं मोजता येणार नाहीत इतकी पडलीत. अखेर पोर्तुगीज शरण येतात आणि तहाप्रमाणे किल्ला सोडून जातात. चर्चच्या मनोऱ्यांवरून घंटा उतरवल्या जातात. भीमाशंकरला, नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात अशाच घंटा आहेत. विजयाची खूण म्हणून त्या देवाला वाहिल्या गेल्या. कुणी त्या वितळवून तोफा ओतल्या असत्या तरी त्या काळात नवल नव्हतं. घंटेची घंटाच राहू दिली आणि तिच्यावरच्या आईला छिन्नी लावली नाही, ही गोष्ट मला लढाईच्या विजयाइतकीच मोठी वाटते. ही घंटा वसईतून निघाली तेव्हा नाना फडणवीस जन्मलेही नव्हते. ते १७४२ चे, साताऱ्याचे. म्हणजे मेरीला मेणवलीच्या घाटावर यायला मध्ये बरीच वर्षं जावी लागली.

आणखी मागे चला, १७०७ सालात. तुम्हाला हे साल वेगळ्या कारणानं पाठ आहे: औरंगजेब अहमदनगरजवळ मेला, शाहू सुटून आले, पुढच्या जानेवारीत साताऱ्याला त्यांचा राज्याभिषेक झाला. त्याच साली पोर्तुगीज ओताऱ्याच्या भट्टीत घंटेची तयारी चालली आहे. अशा घंटा ओतायची रीत बघून घ्या. आधी माती-विटांचा गाभा. त्यावर घंटेच्या जाडीइतका मातीचा थर. ही खोटी घंटा. तिच्यावर मेणात घडवलेली आई, मूल आणि सालाचे चार आकडे चिकटवायचे. वरून बारीक मातीचे लेप देत जाड साचा करायचा. आच दिली की मेण वितळून जातं आणि साच्याच्या आतल्या बाजूला आईचा खळगा उरतो. साचा वर उचलायचा, खोटी घंटा फोडून टाकायची, साचा परत गाभ्यावर बसवायचा, आणि मधल्या पोकळीत रस सोडायचा: साधारण चार भाग तांबं, एक भाग कथील. कथील कमी पडलं तर नाद बसका, जास्त झालं तर घंटा तडकते.

मेण वितळून देव घडतो हे आपल्या पंचधातूच्या मूर्तिकारांना कुणी शिकवायला नको होतं. घाटावर ही घंटा पहिल्यांदा पाहणाऱ्या एखाद्या तांबटानं तिच्याकडे शत्रूची वस्तू म्हणून पाहिलं असेलच, पण कारागिराच्या नजरेनंही पाहिलं असेल: साचा कुठे जोडलाय, रस नीट पसरलाय का. तसं बघायला तुम्हीही शिका. कलेच्या इतिहासात आधी हे विचारायचं असतं: वस्तू कशाची, कशी केली, कुणासाठी केली, आणि इथवर कशी आली. शैलीचं नाव शेवटी.

‘इथवर कशी आली’ या प्रश्नाचं उत्तर आपल्या दोन वस्तूंना अगदी वेगवेगळं आहे. मेणवलीची आई तलवारीनं आली. औंधची आई एका राजाच्या कलाप्रेमामुळे आपल्याकडे आहे. युरोपातल्या मोठ्या संग्रहालयांतही वस्तू याच दोन वाटांनी गोळा झाल्यात, आणि तिथल्या पाट्या पहिल्या वाटेबद्दल फार कमी बोलतात. मेणवलीत उभं राहिल्यामुळे ही बाब तुम्हाला पुस्तकाआधीच कळली.

माझी तक्रार एकच आहे. आपल्या कलाशाळांच्या सहली अजिंठ्याला, हंपीला, मुंबईच्या जहांगीरला जातात, जायलाच हव्यात. पाश्चात्त्य कलेचा पेपर मात्र आपण वर्गात बसून, काळ्या ठोकळ्यांवरून शिकवतो, जणू त्या कलेतलं काही हाताशी नाहीच. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांतल्या मुलांना ते म्हणायचा अधिकार नाही. ज्यांच्या हातात सहली ठरवणं आहे त्यांनी एक दिवस औंधला आणि एक दिवस मेणवलीला द्यावा. फार खर्चाचं काम नाही.

तुम्ही मात्र सहलीची वाट बघू नका. पावसाळ्यात कृष्णेला पाणी असतं, म्हणून मेणवली दिवाळीनंतर करा. औंधला आदल्या दिवशी जा आणि सकाळी लवकर पोचा. वही बिनरेघांची घ्या, दोन मऊ पेन्सिली घ्या, आणि दोन्ही आया एकाच पानावर शेजारी शेजारी काढा.